तिसरं कडवं

झाकारिस उठला तेव्हा आम्ही तिसऱ्या कडव्यात होतो.
म्हणजे तो होता तिसऱ्या कडव्यात;
आम्ही नेहमीप्रमाणे त्याच्या अर्धा श्वास मागे.

त्याने पुस्तक मिटलं, बाकावर ठेवलं,
टोपी उचलली,
आणि डांबर फासलेल्या, गवती छपराच्या
आमच्या चर्चमधून बाहेर पडला.
दार वाऱ्याने दोनदा आपटलं.

फॅरोच्या या टोकाला पाळक सहा आठवड्यांतून एकदा येतो,
तेही समुद्राची मर्जी असेल तर.
मधल्या रविवारी म्हातारा हानुस जुनं प्रवचन वाचतो,
चष्मा घसरतो, ओळ चुकते,
मग झाकारिसचा गळा सगळं सावरून घेतो.
त्या दिवशी सूर मी उचलला.
उचलला कसला, सांडला.

हानुसने काय वाचलं होतं?
भावाशी वाकडं असेल तर आधी त्याच्याकडे जा,
देवाला द्यायचं ते मग बघू,
अशा अर्थाचं काहीतरी. माझ्या नातीलाही पाठ आहे.
आम्ही ते ऐकलं, खिडकीतून समुद्र ऐकावा तसं.
झाकारिसने ऐकलं, लहान मूल आईचं ऐकतं तसं:
पाय आधी निघतात, समजतं मागाहून.

मिक्याल डोंगरापलीकडे राहतो. खिंडीतून दोन तास,
धुकं असेल तर देव जाणे.
बापाने दोघांत एकच होडी ठेवली.
नऊ वर्षांपूर्वी एकाने होडीघराला कुलूप लावलं,
दुसऱ्याने त्याच्या शेजारी आपलं.
तेव्हापासून होडी कोरडी.
फळ्यांच्या फटीत आता बोट जातं;
भिंतीच्या भोकातून मी घालून पाहिलंय.

मला वाटलं, दोघे संध्याकाळी बरोबरच येतील,
कोणीतरी कॉफी ठेवेल, कोणीतरी रडेल.
मिक्यालने दार उघडलं नाही.
झाकारिस अंधार पडेपर्यंत पायरीवर बसला,
खिशातून आपलं कुलूप काढलं, किल्लीसकट,
तिथे ठेवलं
आणि भिजून परत आला.
पुढच्या रविवारी पुन्हा गेला, रिकाम्या हाताने.
त्याच्या पुढच्याही.

मी भडकले. दुकानात चारचौघांत म्हटलं,
गळा देवाने दिलाय तो देवासाठी,
उपासना सोडून कुठे भटकतोस?
तो बटाटे निवडत होता.
म्हणाला, "सुन्नेवा, गायला मला आवडतं गं.
त्यात माझं काय गेलं?"
आणि मोड आलेला एक बाजूला ठेवला.

रात्रभर टोचत राहिलं ते.

चाळीस वर्षं दर शनिवारी मी
चर्चच्या फळ्या पांढऱ्या वाळूने घासते.
कोणाला सांगितलं नाही, पण
ज्या शनिवारी आत काहीतरी हळूच म्हणतं,
मालानकडे जा, तिच्या मुलाच्या मातीला तू गेली नव्हतीस,
त्या शनिवारी मी जरा जास्तच जोराने घासते,
त्या खरखरीत ते बुडावं म्हणून.
लोक म्हणतात, केवढी भक्ती बाईची,
फळ्या बघा, लोण्यासारख्या.

होडीघरावर आता एकच कुलूप आहे, मिक्यालचं.
गंजतंय. ते निघेल म्हणून मी वाट बघत नाही.
बघते, पण येताजाता.
आमचं गाणं अजून बेसूर. तिसऱ्या कडव्यापाशी
सगळे सवयीने क्षणभर थांबतात.
खिंडीतल्या बुटांचा आवाज काही येत नाही त्या थांबण्यात,
एवढ्या लांबून कसा येईल.

गेल्या शनिवारी वेदीपासून चौथ्या बाकापर्यंत आले होते,
तेवढ्यात ते हळूच म्हणणारं पुन्हा म्हणालं.
ब्रश बादलीत टाकला. हात एप्रनला पुसले.
अर्धी जमीन ओली, अर्धी मळकी,
उद्या सगळे बघतील.
बघू देत.

मालानच्या घराला चढ आहे.
दार उघडेल की नाही, हे मला कोणी सांगितलेलं नाही.
जायला सांगितलंय.